झडती घेऊनही संशय का जात नाही? : प्रकल्प नोंदी

३ जून २०२५

एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र आज हातात आलं, त्यामुळे काम रीतसर सुरू. सायकोसिसमध्ये (वास्तवाशी नातं सुटण्याच्या मानसिक अवस्थेत) माणसाच्या मनात भ्रम, म्हणजे खोटी पण पक्की समजूत, तयार कसा होतो आणि एकदा बसला की हलत का नाही, हे दोन प्रश्न गणिती मॉडेलमध्ये मांडायचे आणि मग ते मॉडेल संगणकावरच्या एका साध्या खेळातून तपासायचं, असा हा प्रकल्प आहे. खेळ मराठीत असेल. सहभागी होणारे पुण्यातल्या एका मानसोपचार ओपीडीतून आणि शुभंकरांच्या, म्हणजे आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या, स्वमदत गटातून येतील. शुभार्थी, म्हणजे आजार असलेले, असोत की त्यांच्या घरचे, कोण कुठले हे या नोंदींत येणार नाही. जिथे कुणाचं बोलणं लिहिलं आहे तिथे त्यांना विचारून लिहिलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवून टाकली. भ्रम असलेल्या माणसाला तर्क करता येत नाही, असं गृहीत धरून कोडची एकही ओळ लिहायची नाही. ओपीडीत शांतपणे बसून ऐकलं तर चित्र वेगळंच दिसतं. तर्क चालू असतो, तोही चिकाटीने, बारीकसारीक तपशील धरून. तो कुठल्या आकड्यापासून सुरू होतो आणि कुठल्या पुराव्याला किती वजन देतो, यात फरक असला पाहिजे. तो फरक मोजता आला तर या कामाला अर्थ आहे.

१० जून

मण्यांच्या खेळापासून सुरुवात केली. हक, गॅरेटी आणि हेम्सली यांनी १९८८ साली हा खेळ भ्रम असलेल्या लोकांबरोबर वापरला आणि या क्षेत्रात तो तेव्हापासून रुळला. दोन बरण्या असतात. एकीत १०० पैकी ८५ मणी निळे आणि १५ लाल, दुसरीत नेमकं उलट. एक बरणी न दाखवता निवडायची, तिच्यातून एकेक मणी काढून दाखवायचा आणि परत टाकायचा. समोरच्याने खात्री होईपर्यंत मणी मागायचे आणि मग बरणी ओळखायची. भ्रम असलेले बरेच जण एकदोन मण्यांतच उत्तर देतात, हे पुढे अनेक ठिकाणी दिसलं. याला घाईचा निष्कर्ष म्हणतात.

पण आकडे करून पाहिले की 'घाई' हा शब्द जपून वापरावा लागतो. पहिला मणी निळा निघाला की निळ्या बरणीची शक्यता ८५ टक्के. दुसराही निळा निघाला तर ९७ टक्के. तिसऱ्याला ९९ च्या वर. म्हणजे दोन मण्यांवर उत्तर देणारा माणूस गणिताच्या बाजूने बऱ्यापैकी सुरक्षित आहे. ६०:४० च्या बरण्या घेतल्या की चित्र बदलतं: सलग निळे मणी आले तरी शक्यता ६०, ६९, ७७, ८४, ८८ अशी हळूहळू चढते. इथे दुसऱ्या मण्यावर थांबणं ही खरी उडी. म्हणून आम्ही दोन्ही प्रकार ठेवणार.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एखादा माणूस दोन मण्यांवर थांबला, तर त्यामागे निदान तीन वेगळी कारणं असू शकतात. त्याने प्रत्येक मण्याला प्रमाणाबाहेर वजन दिलं असेल. त्याला ७० टक्के खात्रीही पुरेशी वाटत असेल. किंवा आणखी एक मणी मागणं हेच त्याला महाग पडत असेल. आमच्या ओपीडीत दौंड, इंदापूर, भोरकडून माणसं येतात. सकाळी केसपेपर काढलेला असतो, औषधाच्या रांगेत घरचं कुणीतरी उभं असतं आणि दुपारची एसटी गाठायची असते. अशा माणसाने लवकर उत्तर दिलं तर त्यावरून त्याच्या मेंदूबद्दल काही बोलणं अन्यायाचं होईल. नुसते मणी मोजले तर ही तिन्ही कारणं एकसारखीच दिसतात. मॉडेलमध्ये पुराव्याचं वजन, थांबण्याची पातळी आणि मागण्याची किंमत असे तीन वेगळे घटक ठेवले तरच ती सुटी होतात.

बेकर, कोनोवा, डॉ आणि होर्गा यांचं २०१९ सालचं काम यासाठीच टेबलावर ठेवलं आहे. त्यांनी असं मॉडेल बसवलं तेव्हा भ्रम जितका तीव्र तितके मणी जास्त मागितले जात होते आणि त्याचं कारण निघालं जुन्या समजुतीला दिलेलं जादा वजन. घाईच्या अगदी विरुद्ध टोक. या निष्कर्षाने मला प्रकल्पाची दिशा दिली. भ्रम तयार होणं आणि भ्रम टिकणं या दोन्हींचं स्पष्टीकरण एकाच आकड्यात कोंबू नये.

२३ जून

शुक्रवारपासून पालख्यांमुळे रस्ते बंद होते, ओपीडीही तुरळक. त्या वेळात सिम्युलेशन लिहून घेतलं.

मेंदू सतत अंदाज बांधतो आणि अंदाज चुकला की तो सुधारतो, ही इथली मूळ कल्पना. किती सुधारायचा हे दोन गोष्टींवर ठरतं: जुना अंदाज किती पक्का आहे आणि नवी माहिती किती भरवशाची आहे. जुन्याच्या पक्केपणाला ९ आणि नव्याला १ वजन दिलं तर प्रत्येक धक्क्याला अंदाज एक दशांश सरकतो. जुन्याचा पक्केपणा १ वर आणला की तो थेट निम्मा सरकतो. हे वेग कायम धरले आणि तीच गोष्ट पाच वेळा घडली, तर पहिला मेंदू ४१ टक्क्यांपर्यंत पोचतो, दुसरा ९७ पर्यंत. मग बाहेर काहीच बदलत नाही, नुसता गोंगाट आहे, अशी परिस्थिती दिली. दुसऱ्याच्या अंदाजाचा व्हेरिअन्स (चढउतार मोजणारा आकडा) पहिल्याच्या सहापटीहून जास्त निघाला. तो गोंगाटाच्याच मागे धावत होता.

आता हे माणसाच्या अनुभवात उतरवून पाहू. उदाहरण रचलेलं आहे. कर्वेनगरच्या एका गल्लीत पांढरी स्विफ्ट उभी आहे, एमएच १२. संध्याकाळी तशीच गाडी डेक्कनला दिसते. पुण्यात पांढऱ्या स्विफ्ट किती आहेत हे आपल्याला माहीत असतं, म्हणून ती नजरेत भरत नाही. पण ज्याच्या मेंदूत प्रत्येक क्षुल्लक गोष्टीला 'हे महत्त्वाचं आहे' असा शिक्का बसतोय, त्याला ती गाडी सोडवतच नाही. शितिज कपूर यांनी २००३ साली हीच मांडणी केली. शुल्ट्झ, डायन आणि मॉन्टेग्यू यांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं की डोपामिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाच्या पेशी अंदाज आणि प्रत्यक्ष यांतल्या तफावतीवर पेटतात. कपूर यांचं म्हणणं, सायकोसिसमध्ये डोपामिन अवेळी उसळतं, नको त्या गोष्टींना महत्त्व चिकटतं आणि भ्रम म्हणजे माणसाने त्या विचित्र अनुभवाला शोधलेलं उत्तर. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९१३ मध्येच भ्रमाआधीच्या त्या वातावरणाबद्दल लिहून ठेवलंय: काहीतरी घडतंय, नेमकं काय ते कळत नाही, सगळं बदललेलं वाटतंय. मग एके दिवशी उत्तर सापडतं आणि जीव थोडा खाली बसतो.

हा खाली बसलेला जीव मला नोंदवून ठेवावासा वाटतो. भ्रम भीतिदायक असला तरी तो अर्थ देतो. त्याआधीची अवस्था बिनअर्थाची असते.

४ जुलै

आजची चर्चा लांबली. एकमेकांशी न जुळणारे दोन पुरावे आहेत.

एकीकडे सायकोसिसमध्ये जुने अंदाज सैल पडलेले दिसतात. आतून पोकळ असलेला चेहऱ्याचा मुखवटा बहुतेकांना बाहेर आलेला, भरीव दिसतो, कारण चेहरा भरीव असतो हा अंदाज फार पक्का आहे. स्किझोफ्रेनिया (सायकोसिस होणारा एक प्रमुख आजार) असलेल्यांना तो पोकळ, म्हणजे जसा आहे तसा, जास्त वेळा दिसतो. शेरगिल आणि सहकाऱ्यांचा २००५ सालचा प्रयोगही याच बाजूचा. बोटावर यंत्राने ठरावीक दाब द्यायचा आणि तेवढाच दाब स्वतःच्या दुसऱ्या हाताने द्यायला सांगायचा. निरोगी माणसं गरजेपेक्षा जास्त दाबतात, कारण स्वतःच्या कृतीतून येणारी जाणीव मेंदू आधीच वजा करतो. स्किझोफ्रेनिया असलेली माणसं जास्त अचूक दाबतात. ही वजाबाकी नीट झाली नाही तर आपलीच हालचाल परकी वाटू शकते. 'माझा हात दुसरंच कुणीतरी हलवतं' हे वाक्य इथून समजायला लागतं.

दुसरीकडे पॉवर्स, मॅथिस आणि कॉर्लेट यांनी २०१७ मध्ये दाखवलं की ज्यांना आवाज ऐकू येतात त्यांच्यात आधीच्या अपेक्षेचं वजन जास्त असतं. पडद्यावरच्या एका चित्राबरोबर आवाज येतो याची सवय लावली की नुसतं चित्र दिसल्यावरही त्यांना आवाज ऐकू आल्याचं जास्त वेळा दिसलं.

मग अंदाज सैल की घट्ट? श्टेर्झर आणि इतरांनी २०१८ मध्ये वाट काढली ती पायऱ्यांची. संवेदनांच्या खालच्या पायऱ्यांवर अंदाज सैल, आणि तो गोंधळ आवरायला वरच्या पायरीवर, जगाबद्दलच्या समजुतीत, घट्ट. मला हे पटतं, पण एक धोका दिसतो. पायरी आपल्या सोयीने निवडली की कुठलाही निकाल बसवता येतो. म्हणून आमच्या प्रयोगात कुठली पायरी तपासतोय हे आधी लिहून ठेवायचं.

१४ जुलै

शुभंकरांच्या गटात बसले होते. प्रकल्पाची माहिती सांगून झाली. एक काकू शेवटपर्यंत गप्प होत्या. सगळे चहाला उठले तेव्हा जवळ आल्या.

“ताई, तुम्ही एवढा अभ्यास करताय तर मला एकच सांगा. त्याला वाटायचं घरात कॅमेरा लावलाय. मी म्हटलं, चल, शोधू. स्विचबोर्ड उघडून दाखवले, माळा रिकामा केला, फ्रिज भिंतीपासून ओढला, देवघरामागची फळीसुद्धा काढली. काही नाही निघालं. तर मला म्हणतो, आई, ते काय एवढे बावळट आहेत का? आपण शोधणार हे कळल्यावर ठेवतील का तिथे? आधीपेक्षा जास्तच खात्री झाली हो त्याची. मी चुकले का?”

मी त्यांना एवढंच म्हटलं की तुम्ही त्याच्या बाजूने उभ्या राहिलात, त्याच्याबरोबर शोधलंत, हे वाया गेलेलं नाही. प्रश्नाचं उत्तर मात्र नीट द्यायला हवं. आमच्या मॉडेलला हा एक प्रसंग समजावता आला नाही तर मण्यांचे आलेख घेऊन करायचं काय?

१७ जुलै

काकूंचा प्रसंग आकड्यांत मांडला. यातले आकडे मानलेले आहेत, त्या मुलाचे नाहीत.

शंभर वजन वाटून घ्यायचं. कॅमेरा लावलेला आहे या समजुतीला ८०, कुणीच लावलेला नाही याला २०. आता त्या ८० चे दोन भाग करायचे. लावणारे साधे असतील तर शोधल्यावर दहापैकी नऊ वेळा कॅमेरा सापडेल. लावणारे हुशार असतील तर शोधाआधीच काढून नेतील, सापडणारच नाही. निम्मं निम्मं धरू: हुशार ४०, साधे ४०, कुणी नाही २०.

घर शोधलं, काही सापडलं नाही. साध्यांचे ४० घसरून ४ झाले. हुशारांचे ४० तसेच राहिले, कारण त्यांच्या बाबतीत न सापडणं हेच अपेक्षित होतं. 'कुणी नाही'चे २० सुद्धा तसेच. एकूण ६४, त्यात कॅमेऱ्याच्या बाजूला ४४. म्हणजे समजूत ८० वरून ६९ टक्क्यांवर आली. पुन्हा शोधलं: ६७. पुन्हा शोधलं: ६७ च्या किंचित खाली. यापुढे कितीही वेळा शोधा, दोन तृतीयांशाच्या खाली ती जात नाही. त्याच वेळी समजुतीच्या आत काय झालं? हुशारांचा वाटा ५० टक्क्यांवरून ९१ आणि दुसऱ्या शोधानंतर ९९. झडतीने कॅमेरा लावणारे लोक त्याच्या मनात आणखी बेरकी झाले.

सुरुवातीलाच हुशारीवर ९५ टक्के भर असेल तर? हुशार ७६, साधे ४, कुणी नाही २०. अख्खं घर उलथंपालथं करूनही समजूत ८० वरून ७९ वर येते. तिथेच ती अडकते.

यात एकही पायरी चुकीच्या गणिताची नाही. बेजचा नियम, म्हणजे नव्या पुराव्यावरून शक्यता बदलण्याचा गणिती नियम, तंतोतंत पाळलाय. सॅम्युअल गर्शमन यांनी २०१९ मध्ये हेच दाखवलं होतं: मुख्य समजुतीला पूरक गृहीतकांचं कुंपण असलं की उलटा पुरावा कुंपणावर अडतो आणि मुख्य समजूत शाबूत राहते. शास्त्रज्ञही आपला आवडता सिद्धांत असाच वाचवतात. म्हणून मुलगा मुद्दाम ऐकत नाही, हट्ट करतो, या आरोपात मला तथ्य वाटत नाही. त्याच्या जागी तेच आकडे घेऊन कुणीही बसलं तर तिथेच पोचेल.

एक गोष्ट मात्र हे मॉडेल सांगत नाही: तपासात खात्री *वाढली* कशी? इथे ती फार तर टिकते. काकू तर म्हणाल्या की वाढली.

२८ जुलै

डॉक्टर मॅडमना गणित दाखवलं. त्यांच्या हरकती मोलाच्या, म्हणून लिहून ठेवतेय.

पहिली, वाढलेल्या खात्रीबद्दल. याला एक उत्तर जार्द्री आणि दनेव यांच्या २०१३ च्या कामात आहे. त्यांच्या मते मेंदूत संदेश वर-खाली जाताना एकच माहिती पुन्हा पुन्हा मोजली जाऊ शकते. एकच बातमी तीन शेजाऱ्यांनी सांगितली, तिघांनीही ती एकाच पेपरात वाचली होती, तरी आपण ती तीन साक्षी म्हणून धरावी, तसं. ६०:४० च्या बरणीचा एकच मणी तीनदा मोजला गेला तर ६० च्या जागी ७७ टक्के खात्री होते. समजूतच पुराव्याच्या रूपात परत आली तर न सापडलेला कॅमेरा पुरावा बनू शकतो. म्हणजे आमच्या खेळाला कुंपण आणि हा प्रतिध्वनी (तीच माहिती पुन्हा मोजली जाणं) या दोन्ही गोष्टी वेगळ्या करता आल्या पाहिजेत.

दुसरी हरकत: हुशार शत्रूचं एवढं वजन मुळात आलं कुठून? मॅडम म्हणाल्या, “ज्याला शाळेत छळलंय, ज्याच्यावर खरोखरच पाळत ठेवली गेलीय, त्याच्यासाठी ते वजन अनुभवातून आलेलं असतं. ते आजाराच्या खात्यात टाकू नकोस.” मान्य. यावर रीड आणि सहकाऱ्यांचं २०२० चं काम उपयोगी आहे. पत्त्यांचे गठ्ठे निवडायचे साधे खेळ, समोर कुणी माणूसच नाही, तरी जास्त संशयी लोकांना जग सतत पालटणारं वाटतं आणि ते वारंवार निवड बदलतात. मेथॅम्फेटामिन हे उत्तेजक अमली द्रव्य दिलेल्या उंदरांमध्येही तसंच दिसलं. म्हणजे संशयाचा काही भाग माणसांबद्दलचा नसून अनिश्चिततेबद्दलचा असू शकतो.

तिसरी हरकत आपल्याकडची. घरातले सगळेच करणी मानत असतील तर एकट्याच्या करणीच्या बोलण्याला भ्रम म्हणता येत नाही. भोवतालच्यांची समजूत हीसुद्धा सुरुवातीच्या वजनात धरावी लागते. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण कायद्याने घरातलं सुरुवातीचं वजन बदलत नाही. मुलाखतीत 'तुमच्या घरी, गावात आणखी कुणाला असं वाटतं का' हा प्रश्न घातला.

७ ऑगस्ट

नवा खेळ तयार आहे. पडद्यावर खोक्यांच्या रांगा. काही फेऱ्यांत वस्तू लपवणारा साधा, काहींत तो तुमचा शोध पाहून वस्तू हलवू शकतो, काहींत कुणीच काही लपवलेलं नाही. प्रत्येक फेरीनंतर दोन पट्ट्या सरकवायच्या: काही लपवलं आहे याची खात्री किती आणि लपवणारा किती चलाख आहे याची किती.

मॉडेल स्टॅन या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवतोय. आधी संगणकानेच बनवलेल्या खोट्या सहभागींवर तपासलं. एकाच पट्टीवर भागवलं असतं तर चलाखीचं वजन आणि पुराव्याचं वजन एकमेकांत मिसळून जातात, कुठलं किती ते सुटत नाही. दोन पट्ट्यांनी ते सुटतं. खेळ लांबतो, पण हे सोडता येणार नाही.

२५ ऑगस्ट

परवा गणपती. ओपीडीशेजारी मांडव घातलाय, ढोलपथकांचा सराव चालू आहे. आवाजाने त्रास होणाऱ्यांना या दिवसांत खेळायला बसवणं बरोबर नाही. अनंत चतुर्दशीनंतर सुरू करू.

काकूंना भेटले. गणित कागदावर काढून दाखवलं, त्यांनी ते लगेच पकडलं. “म्हणजे मी शोधत होते त्याने साध्या चोराचाच निकाल लागत होता,” म्हणाल्या. अगदी तेच. हुशार आणि 'कुणीच नाही' यांच्यात फरक पाडणारी गोष्ट वेगळी असते: ते खरंच पाहत असतील तर पुढे काय घडायला हवं? हे त्यानेच, घडण्याआधी, स्वतःच्या शब्दांत सांगितलं तर नंतर कुंपण घालायला कमी जागा उरते. सायकोसिससाठीच्या सीबीटीमध्ये (विचार आणि वागणं यांवर बोलून काम करणाऱ्या उपचारात) थेरपिस्ट असंच भाकीत आधी ठरवून घेतात. घरी आपण होऊन हे करायला जाऊ नका, थेरपिस्टबरोबरच करा, हे त्यांना बजावून सांगितलं. औषध चालू ठेवा. ते 'हे महत्त्वाचं आहे' असे शिक्के फिके करतं, आधी बसलेली समजूत पुसतंच असं नाही, म्हणून वेळ लागतो. घरात वाद न घालता भीती आणि झोप यांबद्दल विचारा. फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर केलेल्या चाचणीत निद्रानाशावर उपचार केल्यावर संशयही कमी झाला होता, परिणाम लहान असला तरी. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्रिजवर लावायला दिला.

खेळ सुरू होण्याआधी आमचं भाकीतही लिहून, तारीख घालून ठेवतोय. भ्रम पक्का असलेल्यांमध्ये रिकाम्या खोक्यांनंतर 'लपवलं आहे' ही पट्टी थोडीच खाली येईल आणि 'चलाख आहे' ही पट्टी वर जाईल. दोन्ही पट्ट्या एकदम वर गेल्या तर जार्द्री-दनेव यांचा प्रतिध्वनी खरा धरायचा. मण्यांच्या खेळात कोण किती लवकर थांबलं याचा या दोन्हींशी संबंध नसेल. दोन्ही पट्ट्या बरोबरीने खाली आल्या, तर १७ जुलैचं मॉडेल बाजूला ठेवायचं आणि ते काकूंनाही सांगायचं.